बल आलं कुठून, गेलं कुठे: मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला उत्तर

प्रश्न विचारणारा मुलगा सांगली जिल्ह्यातला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाचे अप्लाइड मेकॅनिक्स आणि एम-2 (गणिताचा दुसरा पेपर) हे दोन विषय राहिलेत, थर्मोच्या (थर्मोडायनॅमिक्सच्या) तासाला सगळं डोक्यावरून जातं, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी कोडिंगचे क्लास लावलेत. त्याचं म्हणणं असं: "माझी ब्रँच चुकली का? आणि चुकली नसेल, तर या विषयांचा अभ्यास करायचा तरी कसा? सोडवलेली गणितं पाठ करतो, पेपरात आकडे बदलले की अडतो."

मी या कामात 27 वर्षं आहे. सुरुवात कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाली, मग भोसरी, आता चाकणला एका टूलरूमचं डिझाइन बघतो. फिक्स्चर (मशिनवर जॉब पक्का धरून ठेवणारं साधन) आणि गेज (जॉबचं माप तपासणारं साधन) हे आमचं रोजचं काम. नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती दरवर्षी घेतो, त्यामुळे चार वर्षांत काय शिकलं जातं आणि काय निसटतं हे जवळून बघायला मिळतं.

आधी ब्रँचचं. दोन विषय राहिले एवढ्यावरून ब्रँच चुकली असं म्हणता येत नाही. मेकॅनिक्स आणि एम-2 मध्ये अडकलेली कितीतरी मुलं पुढे उत्तम डिझायनर झालेली मी पाहिली आहेत. माझी खूण वेगळी आहे. घरातला मिक्सर बंद पडला तर तो उघडून बघावासा वाटतो का? रस्त्यात जेसीबी खोदत असेल तर पाय थबकतात का? हे होत नसेल, आणि कोड लिहिताना रात्र कधी सरली कळत नसेल, तर खुशाल तिकडे जा. पण शेजारच्या बाकावरचा गेला म्हणून जाऊ नकोस. पगाराचंही स्पष्ट सांगतो: मेकॅनिकलमध्ये सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुधा कमीच मिळतो आणि पहिली तीन-चार वर्षं अंगावर येतात. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील तर घरच्यांशी बसून हा हिशेब आत्ताच करायला हवा.

आता अभ्यास. तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आकडे बदलले की अडतोस, कारण उत्तरापर्यंतची वाट तू पाठ केली आहेस आणि चित्र कधी स्वतः काढलेलं नाहीस. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये एकच गोष्ट शिकायची असते, आणि तीच चारही वर्षं पुरते: एखादी वस्तू भोवतालापासून मनाने कापून वेगळी करायची, आणि जिथे जिथे ती कापली तिथे तिथे कोण तिला किती ढकलतंय किंवा ओढतंय ते बाणाने दाखवायचं. फ्री बॉडी डायग्राम म्हणजे एवढंच. सर फळ्यावर काढतात तेव्हा सोपा वाटतो, म्हणून मुलं वहीत उतरवून घेतात आणि पुढे सरकतात. तिथेच घोळ होतो.

सायकल घे. अगदी साधी, गावात चालवतात ती. पेडलवर 50 किलोचा माणूस एका पायावर पूर्ण वजन टाकून उभा आहे आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा आहे. पेडलवर खाली 490 न्यूटन. क्रँकची लांबी पट्टीने मोज, साधारण 170 मिलिमीटर भरेल. म्हणजे टॉर्क, फिरवण्याचा जोर, झाला बल गुणिले लांबी, 83 न्यूटन-मीटर. आता पुढच्या चक्राचे दात मोज. माझ्या सायकलला 44 होते. साखळीचा पिच, म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर, अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. 44 ला 12.7 ने गुणलं की चक्राचा परीघ, त्याला 2π ने भागलं की त्रिज्या, साधारण 89 मिलिमीटर. 83 न्यूटन-मीटरला या त्रिज्येने भाग: साखळीत ताण आला जवळजवळ 940 न्यूटन. माणूस 50 किलोचा, साखळी मात्र 95 किलोच्या जोराने ओढली जातेय.

इथे थांब आणि क्रँक-चक्र हा भाग कापून कागदावर काढ. पेडलवर खाली 490. वरची साखळी चक्राला मागे ओढतेय 940 ने. खालची साखळी सैल आहे, तिच्यात काही नाही. दोनच बाण असतील तर हा तुकडा खाली आणि मागे पळायला हवा. पळत नाही, म्हणजे कुणीतरी त्याला धरून ठेवलंय. ते धरणारे आहेत मधल्या आसाचे बेअरिंग. ते पुढे 940 आणि वर 490 देतात, दोन्ही मिळून साधारण 1060 न्यूटन. सायकलवाल्याकडे गेल्यावर तो बॉटम ब्रॅकेटच्या गोळ्या झिजल्या असं म्हणतो ना, त्या का झिजतात ते आता तुझ्या कागदावर आहे. चढणारा 50 किलोचा आणि बेअरिंगवर भार त्याच्या दुपटीहून जास्त.

साखळीबरोबर मागच्या चाकापर्यंत जा. मागच्या चक्राला 18 दात, त्रिज्या साधारण 36 मिलिमीटर, टॉर्क 34 न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या 350 मिलिमीटर धरली तर टायर रस्त्याला मागे ढकलतो साधारण 97 न्यूटनने. पायाखाली 490 आणि रस्त्यावर 97! मुलं इथे विचारतात, बाकीचं बल गेलं कुठे? गेलं कुठेच नाही. पेडल जेवढं अंतर फिरतं त्याच्या पाचपट सायकल पुढे जाते. बल पाचव्या हिश्शाला आलं, अंतर पाचपट झालं, काम तेवढंच राहिलं. हे एक गणित तू पेनाने, चित्रं काढून, कुणाचं न बघता पूर्ण केलंस तर मेकॅनिक्सच्या पेपरातला निम्मा भाग तुझ्या हातात येईल. मग कात्रीचं कर, हातपंपाच्या दांड्याचं कर, दाराच्या बिजागरीचं कर. रोज एक. वहीची डावी बाजू चित्राला, उजवी आकड्यांना. चित्रातला प्रत्येक बाण "कुणाकडून" आला ते शेजारी लिही. ज्या बाणाचा मालक सांगता येत नाही तो बाण खोडून टाक.

पुढचे विषय याच कापण्याची पुढची रूपं आहेत. मेकॅनिक्समध्ये आख्खी वस्तू कापून काढतोस, एसओएममध्ये (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये) वस्तूच्या पोटातून कापतोस आणि विचारतोस की हे दोन अर्धे एकमेकांना कसे धरून आहेत. वर्कशॉपमधली स्टीलची पट्टी घे, 25 मिलिमीटर रुंद, 1 मिलिमीटर जाड. आडवी धरून टोक दाब, सहज वाकते. आता कडेवर उभी धर आणि दाब. वाकतच नाही. लोखंड तेच, लांबी तीच. वाकण्याला होणारा विरोध खोलीच्या, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या मापाच्या, घनाने वाढतो, म्हणून उभी पट्टी आडवीच्या 625 पट ताठ असते. हे 625 तू स्वतः काढ, सूत्र बीडीक्यूब बाय 12 (बी म्हणजे रुंदी, डी म्हणजे खोली) तुला माहीत आहे. त्यानंतर एसटी स्टँडच्या छताखालची आय-सेक्शनची (इंग्रजी I च्या आकाराची) तुळई उभीच का बसवतात हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

थर्मोमध्येही कापायचंच असतं. फरक इतकाच की तिथे बाणांऐवजी सीमेवरून काय आत आलं आणि काय बाहेर गेलं ते मोजायचं. स्वयंपाकघरातलं पातेलं ही तुझी सिस्टीम. एक किलो पाणी 30 अंशांवरून 100 पर्यंत न्यायला साधारण 293 किलोज्यूल लागतात. तेच पाणी 100 अंशांवरच पूर्ण वाफ करायला 2257 लागतात, जवळपास आठपट. आई उकळी फुटली की गॅस बारीक करते, कारण उघड्या पातेल्यात मोठ्या आचेनं पाणी आणखी तापत नाही, नुसतं लवकर आटतं. कुकरला झाकण लागलं की दाब वाढतो, शिट्टीच्या वजनामुळे आत साधारण दोन बार निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट, राहतो, आणि त्या दाबाला पाणी 120 अंशांना उकळतं. स्टीम टेबल (कुठल्या दाबाला पाणी किती अंशांना उकळतं वगैरे आकड्यांचा तक्ता) उघड, दोन बारच्या ओळीवर बोट ठेव, हा आकडा तिथे छापलेला आहे. तुझ्यासाठी ते टेबल आजवर परीक्षेला न्यायचा कागद असेल. त्यात डाळ का शिजते ते लिहिलंय हे एकदा दिसलं की थर्मोची भीती कमी होते, हा माझा अनेक मुलांबाबतचा अनुभव आहे.

मराठी माध्यमाबद्दल तू जरा कमीपणाने लिहिलं आहेस. तसं करू नकोस. विचार मराठीतच कर. एन्ट्रॉपी, टॉर्क, शिअर हे शब्द तसेच राहू दे, पण वाक्य आपलं असू दे: "हा गिअर त्याला ढकलतो, म्हणून तो त्याच्या शाफ्टला वाकवतो." खोलीवरच्या मित्राला हे मोठ्याने समजावून सांग. जिथे तोंड अडतं तिथे विषय अडलाय, इंग्रजी नव्हे. एकदा मराठीत नीट सांगता आलं की तेच चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहायची सवय कर, कारण पेपर आणि ओरल दोन्ही इंग्रजीतच होणार. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. वेग कमी करून ऐक, मधेच थांबवून चित्र स्वतः काढ.

आता ड्रॉइंग. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मुलाखतीत सगळ्यात जास्त मुलं इथेच पडतात. तुझ्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला त्याच्या मागे हा ड्रॉइंगचा हात होता. माझ्या पिढीतल्या अनेक कारखानदारांचंही तसंच. आता सॉफ्टवेअर तीन बाजू आपोआप काढून देतं, त्यामुळे मुलांना वाटतं ड्रॉइंग येतं. ड्रॉइंग म्हणजे दुसऱ्या माणसाला दिलेला हुकूम. त्यात जे लिहिलं नाही ते तो त्याच्या मनाने करणार.

हे मी ज्या दिवशी शिकलो तो दिवस अजून आठवतो. नोकरीचं पहिलंच वर्ष. एका कन्व्हेयरसाठी मी शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, काढला होता. 30 मिलिमीटरची बेअरिंग सीट (बेअरिंग बसायची जागा), तिथून 38 ची पायरी. मशीन डिझाइनमध्ये मला चांगले मार्क होते, वाकण्याचा ताण मी व्यवस्थित काढला होता. तीन महिन्यांत शाफ्ट तुटून परत आला. बरोबर त्या पायरीवर. फोरमननी दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर ठेवले, काही बोलले नाहीत, नुसतं तुटलेल्या तोंडावर बोट फिरवलं. एका कडेपासून सुरू झालेल्या बारीक वक्र रेषा, ओहोटीला वाळूवर पाण्याच्या रेषा राहतात तशा, एकामागे एक. आणि दुसऱ्या बाजूला खडबडीत, दाणेदार छोटा पट्टा. शाफ्ट एका दिवसात तुटला नव्हता. प्रत्येक फेऱ्याला भेग थोडी थोडी पुढे गेली होती आणि उरलेला छोटा पट्टा शेवटी एकदम तुटला. फोरमन मग म्हणाले, "साहेब, कोपऱ्याला रेडियस कुठंय?" रेडियस म्हणजे कोपऱ्याची गोलाई, मी ड्रॉइंगवर ती लिहिलीच नव्हती. टर्नरने टोकदार टूलने कोपरा काटकोनात उतरवला. अशा तीक्ष्ण कोपऱ्यात ताण दुप्पट-अडीचपट सहज चढतो. हे मी परीक्षेत दहा वेळा सोडवलं होतं, पण ते गणित आणि हा कोपरा एकच आहेत हे मला दिसलं नव्हतं.

दुरुस्तीही शिकण्यासारखी होती. मी लगेच म्हणालो, तीनचा रेडियस देऊ. फोरमननी कपाटातून 6206 नंबरचं, 30 च्या भोकाचं बेअरिंग काढून हातात दिलं आणि त्याच्या आतल्या कडेवर नख फिरवायला सांगितलं. बेअरिंगची कडसुद्धा गोल असते, या नंबरला किमान 1 मिलिमीटर. शाफ्टचा रेडियस त्याहून मोठा दिला तर बेअरिंग कोपऱ्यावर चढून बसतं, पायरीला टेकतच नाही. म्हणून 1 चा रेडियस, पॉलिश केलेला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून सीट 35 ची करून मोठं बेअरिंग. कागदावरची एक संख्या बदलायला बेअरिंगचा कॅटलॉग, टर्नरचं टूल आणि भेगेचं शास्त्र, तिन्ही लागली.

तेव्हा दुसऱ्या वर्षापासूनच टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ती मर्यादा, वाचायला शिक. 25 एच7 असं भोकावर आणि 25 जी6 असं शाफ्टवर लिहिलेलं असतं तेव्हा भोक 25.000 ते 25.021 आणि शाफ्ट 24.980 ते 24.993. दोघांमध्ये फट कमीत कमी 7 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जास्तीत जास्त 41. डोक्याचा केस सहसा याहून जाड असतो. हे आकडे टेबलातून स्वतः काढ आणि कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोमीटर हातात घेऊन एखादा तुकडा पाच वेळा मोज. पाच वेळा पाच वेगळी उत्तरं येतील. का येतात हे जर्नलमध्ये कुणी लिहीत नाही, तू लिही.

एम-2 चं थोडक्यात. डिफरन्शियल इक्वेशन सोडून बाकी काही आत्ता खोलात गेलं नाही तरी चालेल, पेपर काढण्यापुरतं कर. पण डिफरन्शियल इक्वेशन जीव लावून शिक. स्प्रिंगला लटकवलेलं वजन, थंड होणारा चहा, मोटरसायकलचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, तिन्हीत तीच समीकरणं आहेत, आणि पुढे व्हायब्रेशन आणि हीट ट्रान्सफरमध्ये ती परत भेटतात. जुन्या पाच वर्षांचे पेपर घेऊन पन्नास गणितं हाताने सोडवलीस की विषय निघतो.

सॉफ्टवेअरचे कोर्स तिसऱ्या वर्षाआधी लावू नकोस. मॉडेलिंगचं एक पॅकेज, कुठलंही, दोन महिन्यांत हातात बसतं. अ‍ॅनालिसिसचं पॅकेज त्याहून धोकादायक, कारण चुकीचा टेकू दिला तरी ते रंगीत चित्र दाखवतंच. बल कुठून आलं हे ज्याला हाताने काढता येतं त्यालाच ते चित्र खोटं आहे हे ओळखता येतं. थोडं पायथॉन मात्र शिकून ठेव, आकडेमोडीला रोज उपयोगी पडतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं वर्गात असतील. त्यांना लेथ, ड्रॉइंग, मशीनचे भाग तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतात, गणितात ती अडतात. त्यांच्याबरोबर अभ्यासाला बस, दोघांचंही भलं होईल.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नकोस. शहरात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, त्यातली मशिनं मी मुलाखतीत दहादा पाहिली आहेत, रंगसुद्धा तोच. "हा शाफ्ट 20 चाच का?" एवढ्या एका प्रश्नावर गप्प होणारी मुलं बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण चार वर्षं आणि आईवडिलांचे पैसे त्या गप्प होण्यात गेलेले असतात. लहान कर, पण स्वतः कर. बाहा सारख्या, विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या स्पर्धेची टीम तुमच्या कॉलेजात असेल तर पहिल्या वर्षीच्या मुलांबरोबर झाडू मारायची तयारी ठेवून आत शिर.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिकल संपलं, हेही तुला कुणीतरी सांगितलंच असेल. इंजिनाचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्यांना त्याची झळ बसणार हे खरं. पण बॅटरी थंड ठेवणं ही हीट ट्रान्सफर आहे, मोटरनंतरही गिअर लागतो, आणि मोटरची बॉडी कुणीतरी ओततं, कुणीतरी मशिन करतं, त्यासाठी फिक्स्चर आम्हीच बनवतो. गेटची (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची) परीक्षा द्यायची असेल तर तिसऱ्या वर्षापासून तयारी कर. वरच्या शिक्षणाला आणि काही सरकारी कंपन्यांना तो स्कोअर चालतो, आणि तयारीत मूळ विषय पक्के होतात हा फायदा वेगळाच.

या उन्हाळ्यात एक काम कर. कुपवाड, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळखीचं कुणी शोध, गावातलं कुणी ना कुणी तिथे असतंच. लहान शॉप बघ, दहा-पंधरा माणसांचं, जिथे मालक स्वतः मशिनवर उभा राहतो. महिनाभर पगार मागू नकोस, डबा घेऊन जा. पहिले आठ दिवस नुसतं बघ, ड्रॉइंग आणि तयार जॉब शेजारी ठेवून प्रत्येक माप मोज. टर्नर कामात असताना प्रश्न विचारू नकोस, चहाच्या वेळी विचार. त्यांना "काका" म्हण, आणि जे सांगतील ते संध्याकाळी वहीत उतरव, चित्रासकट. पायात बूट हवेत, चप्पल नको. शर्ट आत खोचलेला, बाह्या आखूड, हातात कडं, अंगठी, गंडा काही नको. हातमोजे घालून फिरत्या लेथजवळ हात न्यायचा नाही, हातमोजा अडकला की हात आत ओढला जातो. आणि लांब निघालेली चिप (कापलेल्या धातूची सळ) कितीही सोपी दिसली तरी हाताने ओढायची नाही. मशिन थांबवायचं, हूकने काढायची.